निवृत्तीतात्या डोळे बघतात

निवृत्तीतात्या भेटले की रामराम घालत नसत. समोरच्याच्या गालावर अंगठा टेकवून डोळ्याखालची पापणी ओढत आणि म्हणत, "वर बघा."

नव्वदच्या सुमारास कोऱ्हाळ्याजवळच्या एका वस्तीवर मी शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी ही तपासणी झाली. "पांढरं हाय. बसा," तात्या म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या गावाला पाणी कुठलं पित्यात?" विहिरीचं, म्हणालो. विहिरीला कठडा आहे का, शेजारी उकिरडा आहे का, मला एकाचंही उत्तर येईना. हा कसला गुरुजी, असा चेहरा करून ते उठले.

डोळे बघायची खोड मेंढरांमुळे लागलेली. मेंढराची पापणी उलटली की दुखणं कळतं, हे ते वडिलांच्या मागं फिरताना शिकले. पुढं मेंढरं गेली, दीड एकरात वांगी-टोमॅटो आले, खोड राहिली. एका लग्नात त्यांनी अक्षतांच्या आधी नवरदेवाचे डोळे तपासले. इंदापूरच्या एसटीत कंडक्टरचेही. जेवायला कुठंही गेले तरी पाण्याची बाटली स्वतःची, आणि "पाणी खळाखळा उकळू द्यायचं, नुसतं कोमट न्हाय," हे घरच्या बाईला सांगितल्याशिवाय घास घेत नसत. माघारी लोक त्यांना 'उकळीतात्या' म्हणत.

एका पावसाळ्यात वस्तीवर कावीळ आली. घराघरांत माणसं आडवी झाली. जो तो माळवाल्याकडं धावला. तो मंतरलेली माळ डोक्यावर ठेवायचा. माळ वाढत पायापर्यंत आली की कावीळ उतरली, असं लोक मानायचे. तात्यांना मात्र वेगळंच कोडं पडलं. "वढ्याकडच्याच घरांत का? वरची आळी काविळीला दिसत न्हाय का?"

दोन दिवस ते काठी घेऊन नळाच्या पाइपामागं फिरले. मलाही नेलं. ओढ्याकाठी, जिथं लोक परसाकडं बसत, तिथं पाइपाचा सांधा निसटला होता आणि वर घाण पाणी साचलं होतं.

"नळ बंद असला की हे आत जात असंल का, गुरुजी?"

विज्ञान शिकवणारा मी. नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना तिथं आणून उभं केलं. बाईंनीही तेच सांगितलं. ही कावीळ घाणीतून पाण्यात जाते आणि पाण्यातून पोटात. सांधा बदलला, टाकीत ब्लीचिंग पावडर पडू लागली, घरोघर पाणी उकळू लागलं.

पण तोवर तात्यांच्या शेजारच्या सुमनचे डोळे पिवळे झाले होते. तिला सातवा महिना होता. तिच्या सासूनं, आक्कांनी, माळवाल्याला निरोप धाडला होता.

"माळ मागनं घाला, आक्का," तात्या म्हणाले. "आदी बारामती."

"सगळ्यांना माळेनंच गुण आलाय की."

"त्यांची आपसूक उतरती. दोन जिवाच्या बाईला ही कावीळ लई वाईट."

आक्का काही बोलायच्या आत त्यांनी भाड्याची जीप दारात आणली. मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी सुमनला लगेच दाखल करून घेतलं. बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "तात्या, हे नर्सबाईंनी सांगितलं का?"

"आता त्यांनीबी सांगितलं." मग ते म्हणाले, "आमच्या मंडळीला आठवा व्हता. माळ मीच घातली. पायापतुर आली, आमी पेढे वाटले. तिसऱ्या दिशी दोघंबी गेली."

तात्या आपल्या बाटलीतलं घोटभर पाणी प्याले.

"माळ उतरली, मग ती का गेली? लई वर्सं कुणी सांगंना. म्हणून इचारत सुटलो."

सुमन बरेच दिवस दवाखान्यात होती. चार दिवस तर डॉक्टरही काही सांगत नव्हते. मग हळूहळू ती सावरली. दिवस भरल्यावर मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या.

बारशाला तात्या दाराशीच बसले होते. पाळणा म्हणून झाल्यावर आक्कांनी बाळ आणून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. तात्यांचे दोन्ही हात हवेतच राहिले. "घ्या वो, पडंल," ते म्हणाले. कुणी घेतलं नाही. मग त्यांनी एक हात अलगद बाळाच्या मानेखाली सरकवला.

घुगऱ्या वाटून झाल्या, बायका आपापल्या घरी गेल्या. मुलगी त्यांच्या मांडीवरच झोपली होती. तात्यांच्या पायाला मुंग्या आल्या असणार, पण ते हलले नाहीत.