पॉइंट चौऱ्याऐंशी

टोन फान लीम्प्टच्या हृदयाचा निकाल उत्तम आला आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

सोमवारी आइंडहोवनच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मनगटातून केसाएवढी तार थेट हृदयाच्या धमनीत नेली होती. धमनी एका जागी अरुंद झालेली. औषधानं रक्ताचा ओघ वाढवायचा आणि अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजायचा. आकडा पॉइंट ऐंशीच्या वर राहिला तर गोळ्यांवर भागतं, खाली गेला तर बहुतेक स्टेंट. टोनचा आला पॉइंट चौऱ्याऐंशी. बायको लेनी तिथंच आनंदानं रडली.

घरी आल्यावर टोननं माहितीपत्रक पहिल्यांदाच नीट वाचलं. आधीचे चोवीस तास कॉफी बंद, एवढं त्याला ठाऊक होतं. पोट रिकामं असावं म्हणून सांगत असतील, असा आपला त्याचा समज. पण तिथं भलतंच लिहिलेलं. कॉफीनं म्हणे त्या औषधाचा जोर मरतो आणि अडथळा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. झालं! नर्सनं विचारलं तेव्हा त्यानं बेधडक "नाही घेतली" म्हणून सांगितलं होतं, आणि रविवारी भावजय बेर्थाच्या वाढदिवसाला दोन कप रिचवले होते.

आता तुम्हीच सांगा, वाढदिवसाला सगळे गोल खुर्च्या टाकून बसलेत, मांडीवर बशीत जर्दाळू भरलेल्या व्लाई केकचा तुकडा आहे, आणि अशा वेळी कॉफी नको म्हणायची कुणाची छाती होईल? नको म्हटलं की का ते सांगा. सांगितलं की थोरला भाऊ हार्म गावभर दवंडी पिटणार. त्यात बेर्थाची कॉफी गावात नावाजलेली. टोननं मुकाट कप पुढे केला होता.

मंगळवारी तो सायकल हातात धरून पाव आणायला चालत गेला. बुधवारी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून छाती चाचपायला लागला. निकाल चांगला आलेला माणूस मयताला निघाल्यासारखा का चालतो, असं लेनीनं विचारलं, तेव्हा त्यानं सगळं ओकून टाकलं.

"म्हणजे तुझं खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही," लेनी म्हणाली. "कॉफीच्या भिडेपायी मला विधवा करायला निघाला होतास होय रे?"

तिनं इस्पितळात फोन लावला. डॉक्टरीणबाई कामात होत्या, मागाहून फोन करतील. पण शुक्रवारी पुन्हा तार घालावी लागेल असं कळलं. तेवढ्यावर न थांबता लेनीनं बेर्थालाही फोनवर झापलं.

दहा मिनिटांत बेर्था हजर. कोट न काढताच तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं.

"हार्मला कळू देऊ नका," ती हळूच म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तदाबापायी त्याची कॉफी बंद केली. तो ऐकतोय होय? तेव्हापासून मी डब्यात नुसती भाजलेली चिकोरी भरते. कॉफीचा दाणासुद्धा नसतो त्यात, रविवारीही नव्हता."

टोनला हसावं की रडावं कळेना. म्हणजे आकडा खरा होता! तेवढ्यात फोन वाजला, आणि त्याच वेळी बेर्थाला शोधत हार्म मागच्या दारानं आत आला.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, कॉफी घेतली होती की नव्हती, एकदा नक्की सांगा.

"नव्हती घेतली," टोन म्हणाला.

"अरे, माझ्यासमोर दोन कप प्यालास की," हार्म म्हणाला.

बेर्थाचा चेहरा पांढराफटक पडला. टोननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हार्मच्या टवटवीत गालांकडे.

"प्यालो नाही," तो म्हणाला. "तोंडाला नुसता कप लावला आणि कुणी बघत नाहीसं पाहून फुलदाणीत ओतली."

फोनवर डॉक्टरीणबाईंनी शुक्रवार रद्द केला.

"बेर्थाची कॉफी फुलदाणीत," हार्म म्हणाला. "यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. चल गं बेर्था. घरी गेल्यावर मला मोठा कप करून दे. चांगली कडक."

"करते," बेर्था म्हणाली, आणि दारातून जाताना तिनं टोनचा हात गच्च दाबला.