नळसामान सदरातलं रॉकेट

पुतणीने घरच्या घरी रॉकेटची मोटर बांधायला घेतली होती. नळीत घट्ट इंधन, वरच्या टाकीत वायू, आणि तो वायू फवाऱ्यासारखा इंधनावर सोडायला मध्ये पितळेची चकती. चकतीला बारा भोकं, सुईच्या टोकाएवढी. हे काम काकांचं. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, तीन चकत्या भंगारात टाकून चौथी त्यांनी अशी उतरवली, की पुतणी तिच्यातून उजेडाकडे बघत म्हणाली, "काका, हात आहेत की जादू!"

मग काका अर्ज आणि चकती घेऊन रीतसर परवानगी घ्यायला कचेरीत गेले.

कारकुनाने चकती उलटीपालटी केली. "कोणत्या सदरात घालू? भांडी, दागिने की नळसामान?"

"रॉकेट."

"ते छापलेलं नाही. भोकं आहेत ना? मग नळसामान."

नळसामान म्हटल्यावर प्रकरण पाणीखात्याकडे गेलं. तिथल्या साहेबांनी चकती नळाला लावली, खाली बादली ठेवली आणि तासाभराने शेरा मारला: 'या वेगाने नागरिकाची अंघोळ अशक्य. भोकं तिपटीने वाढवावीत.'

काका काकुळतीला आले. "साहेब, भोकं वाढवली तर मोटर फुटेल हो!"

"फुटेल?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग ही स्फोटक बाब झाली. आमच्याकडे आलीच कशी?"

दुसऱ्या दिवशी स्फोटक खात्याची दोन माणसं काकांकडे आली आणि लेथला सील ठोकून, चकती जप्त करून गेली. हात कुठे ठेवावेत हेच काकांना कळेना.

पुतणीने कुणालाही न विचारता काकांच्याच आकृतीवरून दुसऱ्या वर्कशॉपात चकती करून घेतली. रॉकेट माळावरून सरळ वर गेलं. टाळ्या पडल्या. पाणीखात्याच्या साहेबांनी स्वतः तिला पुष्पगुच्छ दिला.

आठवड्याने काकांना नोटीस आली: विनापरवाना उड्डाण.

पुतणी तरातरा कचेरीत गेली. "रॉकेट मी उडवलं!"

कारकुनाने नोंदवही शांतपणे चाळली. "ताई, तुमचा अर्जच नाही. अर्ज नाही म्हणजे तुम्ही काही उडवलेलं नाही. 'रॉकेट' हा शब्द उच्चारणारा इसम आमच्या दप्तरी एकच आहे."

शेजारीपाजारी भेटायला आले. लेथवरचं सील बघून हळहळले, कारकुनाला शिव्या घातल्या, आणि निघताना एकजात सगळ्यांनी विचारलं, "पण काका, परवानगी मागायला गेलातच कशाला?"

तुम्हालाही कारकुनाचा राग आलाच असेल. पण खरं सांगा, काका अर्ज घेऊन घराबाहेर पडले तेव्हा त्यांना पहिल्यांदा वेड्यात कुणी काढलं? कारकुनाने, की तुम्ही?