बिनपायरीची गाडी

बब्रुवानकाकांनी अख्ख्या मानवत गावाला पायऱ्या करून दिल्या, पण स्वतःच्या गाडीला एक ठेवली नाही.

काका म्हणजे माझे मोठे चुलते. वेल्डिंगचं दुकान. गावातले निम्मे लोखंडी जिने त्यांच्याच हातचे. त्यांनी शाळेची जुनी बस घेतली अन् तिचं फिरतं घर केलं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, देवाची फळी, सगळं बसवलं. अन् दाराची चांगली पायरी कटरनं कापून टाकली, वर पत्रा मारला. चढायचं तर खाली बादली उपडी घालायची, तिच्यावर पाय द्यायचा, वरून कुणीतरी ओढायचं.

"काका, पायरी कामून काढली?"

"नको म्हनलो म्हंजे नको. एकदा बोललो म्हंजे बोललो."

ही ओळ मी गल्लीत लय भारी करतो. मान तिरपी, एक डोळा बारीक, हातात नसलेला वेल्डिंगचा रॉड. काकी पदर तोंडाला लावून हसते. फक्त संजूचा विषय निघाला की हसत नाही.

संजू काकांचा एकुलता एक. दुकान सोडून पवनचक्कीच्या कामाला जैसलमेरकडं गेला. निघताना काका ओरडले, "गेलास तर परत या घराची पायरी चढू नको!" तो बी त्यांचाच लेक. दिवाळ्या आल्या, गेल्या, चढला नाही. काकीला फोन करतो. तेव्हा काका शेजारी बसून पंखा दुरुस्त करतात. चांगला चालू पंखा.

अन् एक दिवस म्हणाले, "चला, वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान बघू. माळढोक पक्षी हाय तिथं."

ज्या माणसानं येलदरीचं धरण 'पाणीच तर हाय' म्हणून बघितलं नाही, त्याला पक्षी बघायचाय! अन् उद्यान कुठं, तर जैसलमेरला. काकीनं संजूला आवडतात तसले जहाल तिखट धपाटे बांधून घेतले, बास.

काका स्टिअरिंगवर, आई अन् काकी पलंगावर, मी सिलिंडरला टेकून पोत्यावर. गुजरातेत गाडीतला पंखा बंद पडला. राजस्थानात मी. दर चहाला तेच. बादली काढा, उपडी घाला, आईला ढकला, काकीला ओढा. माझ्या खांद्यांचं भरीत झालं. नक्कल करायचंबी त्राण उरलं नाही.

"काका, वाटेत पायरीपुरता एक लोखंडी अँगल तरी मारून घ्या की!"

"गप ए. बोललो म्हंजे बोललो."

शेवटी पोचलो. ऊन, वाळू, खुरटं गवत. गाइड दुर्बीण घेऊन लांबवर माळढोक दाखवायलाय, अन् काका पाठ फिरवून रस्त्याकडं बघायलेत.

एक मोटारसायकल आली. संजू. उन्हानं रापलेला, वाळलेला. काकीनंच त्याला कळवलं होतं. ती गाडीच्या दारातच रडाय लागली. तो खाली उभा, जागचा हलेना.

"ये की वर," आई म्हणाली.

"कसं येऊ? अण्णा बोललेत, घराची पायरी चढायची न्हाई. हे बी त्यांचंच घर हाय ना?"

मी सवयीनं बादली घेऊन धावलो. काकांनी ती माझ्या हातातून काढून बाजूला फेकली. धडपडत स्वतः वर चढले, दारात गुडघे टेकले.

"बघ, हाय का पायरी कुठं?"

संजू वाकला. दाराखालच्या कापलेल्या लोखंडावरून बोट फिरवत राहिला. काकांनी हात खाली सोडला. त्यानं धरला. काकांनी त्याला ओढून वर घेतलं.

जरा वेळानं संजूचा आवाज आला, "अण्णा, सोडा की आता हात."

"एकदा धरला म्हंजे धरला."

हे मला अजून काकांच्या आवाजात करता येत नाही.

मी बादली शोधून आणली, उपडी घातली, अन् तिच्यावर खालीच बसून राहिलो. लय दमलो होतो.