तीन ठिपक्यांचा बिल्ला

कोणतीही वस्तू उपयोगाची असेपर्यंत तिचा अभ्यास करता येत नाही, हे शास्त्र आहे. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मजुरांना रोज सकाळी हजेरीचा पितळी बिल्ला मिळे, तोवर त्याकडे कुणा विद्वानाचे लक्ष गेले नाही. मिल बंद पडली, तिथे मंगल कार्यालय उभे राहिले, आणि पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून सेवकराम यांनी जुने बिल्ले गोळा करून त्यांची तपासणी आरंभली.

त्यांनी झिजेनुसार बिल्ल्यांच्या नऊ प्रती ठरवल्या. पहिली 'निष्कलंक' (मानवी स्पर्श नाही), चौथी 'बरा', नववी 'गोटा' (झिजून पार गुळगुळीत). काही बिल्ल्यांच्या कडेला तीन ठिपके असत. ती टांकसाळीची गुप्त खूण असावी, असे त्यांनी सात पानी निबंध लिहून सिद्ध केले. (वाचकसंख्या चार. त्यांत सेवकराम तीनदा मोजले आहेत.)

त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंनी अभिप्राय दिला, "पितळच पाहाचं असन, त भांडे घासा." हा अभिप्राय दप्तरी दाखल करण्यात आला.

करडी गावच्या तुळसाबाईंनी त्याच मिलमध्ये बावीस वर्षे धान पाखडले होते. मिलच्या शेवटच्या दिवशी बिल्ला परत घ्यायला फाटकावर कोणी नव्हते, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला. हे कळताच सेवकराम भिंग, पट्टी आणि मखमली डबी घेऊन करडीला पोचले. बिल्ला आपल्या संग्रहात यावा, अशी फार इच्छा होती. पण शास्त्र ते शास्त्र.

"मावशी, प्रत नववी," ते गंभीरपणे म्हणाले. "पार गोटा. आकडा गेला. प्रकारही सांगता येत नाही."

तुळसाबाईंनी बिल्ला घेतला आणि न पाहताच कडेवर अंगठा फिरवला. "तीन ठिपक्यायचा हाये. बायकायचा."

"बायकांचा?"

"मुकादमाले अक्षर येत नव्हतं. ठिपके चाचपून पाहे. ठिपके लागले का मजुरी कमी."

सात पाने जागच्या जागी रद्द झाली. अब्रू वाचवायला सेवकरामांनी डबी उघडून संग्रहातला एकमेव 'निष्कलंक' पुढे केला.

तुळसाबाईंनी तो उजेडात धरला. "हा कोणाच्या हाती गेलाच नाही. नंबर हाये, माणूस कामावर आलाच नाही." मग त्यांची नजर सेवकरामांच्या तळहातावर गेली. त्यांनी तो हात धरून तिथेही अंगठा फिरवला. "किती वर्सं नोकरी केली भाऊ?"

"चौतीस."

"हा बी कोराच हाये."

प्रत पहिली. सेवकरामांना सवयीने आधी अभिमान वाटला. लाज वाटायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी अगदी हळू आवाजात बिल्ला मागितला.

"येवढा खराब हाये म्हणता," तुळसाबाई म्हणाल्या, "त राहू द्या मह्यापाशीच."

सेवकरामांनी घरी येताच शुद्धिपत्रक काढले: नववी प्रत यापुढे पहिली समजावी, पहिली नववी. हरकती मागवल्या आहेत. हरकत घेणाऱ्याने अर्जासोबत आपल्या तळहाताचा ठसा जोडायचा आहे. आजतागायत एकही अर्ज आलेला नाही. हे वाचता वाचता ज्यांनी स्वतःचा हात हळूच उलटून पाहिला, त्यांनी आपली प्रत कळवण्याची आवश्यकता नाही. ती कळली आहे.