रोजचे दहा ब्लाउज

गुंजीत भरमा टेलर दिवसाला सहा ब्लाउज शिवायचा. बेळगावात दहा होतील, हा त्याचा हिशेब. गुंजीत अस्तराचा रंग जुळेना की बेळगावची गाडी धरा, मशीन अडलं की मेस्त्रीची दोन दिवस वाट बघा. बेळगावात सगळं हाकेवर. त्यानं स्टेशनजवळच गाळा धरला आणि सहा दिवसांच्या बोलीवर लग्नाचे चाळीस ब्लाउज अंगावर घेतले.

"आणि न्हाई झालं तर?" मंगलनं विचारलं. नवऱ्यानं शिवलेल्या ब्लाउजांना हुक-काज करणारी, गरजेला स्वतःही शिवणारी मंगल जुनं मशीन सांभाळत गुंजीतच राहणार होती.

"तर गाळा सोडून परत येतो. मग तर झालं?"

पहिल्याच दिवशी मायाप्पा दारात. गुंजीच्या दुकानात रोज बाक अडवणारा.

"दवाखान्यात आलतो. गाडी संध्याकाळी हाय. आपल्या माणसाचं दुकान असताना फलाटावर कशाला बसू?"

दुसऱ्या दिवशी गावचीच कोंडाबाई "जरा बघ रं, आलेच," म्हणत बाजाराच्या तीन पिशव्या टाकून गेली, ती नणंदेला घेऊनच परतली. तिसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख असलेले गावातलेच दोन भाऊ आले. खटला एकमेकांवर, बसायला बाक एकच. त्यांची समजूत काढण्यात दुपार गेली. मायाप्पा होताच.

"आप्पा, लई काम हाय हो."

"कर की! आमी काय हात धरलाय व्हय? च्या तेवढा सांग. बिनसाखरेचा."

गाववाल्याला ऊठ म्हणायची भरमाच्या घराण्यात रीत नव्हती. तीन दिवसांत ब्लाउज झाले नऊ. शेवटी त्यानं कापून ठेवलेले चोवीस मायाप्पाच्याच हाती संध्याकाळच्या गाडीनं मंगलकडं धाडले. दोन दिवसांत चोवीसच्या चोवीस शिवून परत! उरलेले सात त्यानं दाराला कडी घालून कसेबसे उरकले.

त्यानं फोन लावला. "जुन्या मशीनवर दिवसाला बारा? कसं गं?"

"हितं बसायला येतंय कोण आता? समदी तुमच्याकडंच हाईत की."

"मग गाळा सोडतो. दोघं मिळून गुंजीतच शिवू."

"अजिबात न्हाई!" मंगल कडाडली. "तुमी परत आलासा तर ती बी परत येतील."

तेव्हापासून भरमा बेळगावातून अस्तर, दोरा आणि हुक पाठवतो. गुंजीचं काम सहावरून बारावर गेलं. त्याची किंमत भरमा भरतो: रोजचे वीस कप चहा. त्यातले चार बिनसाखरेचे.