बोरकुटेकाकांची निर्जळी

भिलाईचा पोलाद कारखाना ज्यांनी उभा केला, त्यांच्या नावांची शिळा कधी बसवलीच, तर तिच्यावर बोरकुटेकाकांचं नाव पहिल्या ओळीत असायला हवं. निदान काकांचं तसं ठाम मत होतं. ते कारखान्यात नोकरीला नव्हते.

ते रेल्वेत ड्रायव्हर होते. राजहऱ्याच्या खाणीतला लोखंडाचा दगड आणि नंदिनीचा चुनखडक वाफेच्या इंजिनामागे बांधून भिलाईत आणून टाकायचा, हे त्यांचं काम. "भट्टी त्यायनं बांधली असंन," काका म्हणत, "पण तिले जेवू कोन घालून राहिलं?" मी स्वतः कारखान्याच्या नकाशे विभागात होतो आणि आमच्या हातून आजवर कुणी जेवल्याचं मला आठवत नव्हतं. काका मला नावानं कधी हाक मारत नसत. "नकाशेवाले" म्हणत. त्यात थोडी कीव असे.

दुर्गला आम्ही शेजारी राहत होतो. नागपूरकडून येऊन तीस वर्षं झाली तरी काकांची भाषा गोंदियाच्या अलीकडेच थांबली होती. मिशी मात्र वाफेबरोबर पुढे आली होती. तिच्यात कोळशाचा कण कायमचा वस्तीला होता.

आता त्यांच्या गाडीविषयी. मायदेशी परत चाललेल्या एका जर्मन साहेबानं ती विकायला काढली, तेव्हा दुर्गात तिला गिऱ्हाईक मिळेना. पाठ कासवासारखी, इंजिन मागच्या बाजूला आणि मुख्य म्हणजे पाणी टाकायची जागाच नाही. ती वाऱ्यानं थंड होते, असं साहेब म्हणाला. दुर्गचा मे महिना पाहिलेल्या माणसांनी ते हसून सोडून दिलं. एकटे काका हसले नाहीत. तीन प्रदक्षिणा घालून त्यांनी विचारलं, "थेंबभरही पानी पेत नाही?" साहेब नाही म्हणाला. काकांनी गाडी घेतली. तिचं नाव ठेवलं निर्जळी.

त्या दिवसापासून काकांचं आणि जगाचं बोलणं एकाच वाक्यानं सुरू होऊ लागलं. दूधवाला येवो, पोस्टमन येवो, मुलीच्या स्थळाची चौकशी करायला आलेले पाहुणे येवोत. काका त्यांना गाडीपाशी नेत, तिच्या पाठीवर थाप मारत आणि सांगत, "थेंबभर पानी पेत नाही!" पाहुण्यांनी त्या बोलण्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे, पुढे लग्न जमलं.

दसऱ्याला काकांनी निर्जळीची पूजा केली. इथे एक अडचण आली. तीस वर्षं ते आपल्या इंजिनाच्या तोंडावर शेंदूर लावत आले होते. पण हिचं इंजिन मागे. "पाठीची पूजा करतात काय कोनी?" असं म्हणून त्यांनी पुढचं झाकण उघडलं. आत पेट्रोलची टाकी होती आणि टाकीवर एक वाटोळं टोपण होतं. काकांना ते देवाच्या कपाळासारखं वाटलं असावं. तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी त्या टोपणावर बोटभर जाड चढवला.

आणि त्या आठवड्यापासून निर्जळी वाटेत बसू लागली.

पाच-सहा मैल ती छान पळे. मग आचके देई, दम लागल्यासारखी हळू होई आणि थांबे. तासभर गेला की आपोआप सुरू होई. इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाही एवढं आम्हाला कळलं. ते का पोचत नाही, हे शोधण्यात आमचे सहा रविवार गेले. काकांनी पंप खोलला, आतला पडदा बदलला. नळी काढून तोंडानं फुंकली. दोन दिवस त्यांच्या चहाला पेट्रोलचा वास येत होता. कार्बोरेटरचा जेट घोड्याच्या शेपटीच्या केसानं साफ केला. प्रत्येक दुरुस्तीनंतर ते टोपणाला शेंदराचा आणखी एक हात देत. गाडी आणखी लवकर बसे.

शेवटी इब्राहिम मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गाडीभोवती न फिरताच निदान केलं. "भाप बन रही है, काका. पेट्रोल गरम होके नली में भाप बन जाता है. पंप पे गीला कपडा रखो."

काकांच्या चेहऱ्यावरचे भाव मी विसरणार नाही. या एवढ्याशा बोलण्यात त्यांचा दोनदा अपमान झाला होता.

"वाफ?" ते म्हणाले. "वाफेनं गाडी थांबते? अरे, वाफेनं गाडी चालते! तीस वर्ष काय मी हवा हाकून राहिलो का?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "अन् ओलं फडकं? हिले? पानी?"

मिस्त्री निघून गेला. ओलं फडकं काही पंपावर गेलं नाही. कार्तिक संपून थंडी पडली, पहाटे तोंडातून धूर निघू लागला, तरी निर्जळी चौथ्या मैलाला बसतच होती. अशा थंडीत पेट्रोलची वाफ कशी होते, ही शंका मला आली होती. पण नकाशेवाल्याची शंका म्हणून मी ती मनात ठेवली. टाकीत पेट्रोल किती आहे हे दाखवणारा काटा त्या गाडीला नव्हता. वेळूच्या काडीला खुणा करून काका सकाळी घरीच मोजत. वाटेत टाकी कधीही उघडत नसत. "घरून न मोजता निघाला तो ड्रायव्हर कायचा?" हा त्यांचा नियम.

दरम्यान एका कंत्राटदाराला निर्जळी हवी होती. त्याच्या कोंबड्यांसाठी. आत जागा ऐसपैस आहे, असं तो म्हणाला.

काकूंनी काही दिवस हे सगळं पाहिलं. बारीक अंगाच्या, फार न बोलणाऱ्या बाई. मी त्या दोघांसाठी कारखाना पाहायचा पास आणला, तेव्हा त्या एकच वाक्य बोलल्या, "आता बसली तं देऊन टाका त्या कोंबडीवाल्याले." काकांनी मान हलवली. त्यांनी आणलेल्या दगडाचं लोखंड होताना काकूंनी पाहावं, तेही त्यांच्या गाडीतून जाऊन पाहावं, ही त्यांची मोठी हौस होती. पासावर चारची वेळ होती. चारनंतर फाटक बंद.

आम्ही अडीचला निघालो. काका टोपी घालून, काकू मांडीवर फिरकीचा तांब्या धरून, मी मागे. वाटेवरच्या सुपेला गावाच्या अलीकडे निर्जळीनं पहिला आचका दिला. काका पुढे झुकले, जणू त्यांच्या छातीनं गाडी ओढली जाणार होती. दुसरा आचका. मग फक्त टायरांचा आवाज, आणि मग तोही नाही.

काका उतरून मागे गेले. पंप पाहिला, नळी पाहिली. तीन वाजले. सायकलवरून कामगार जात होते, एकानं "धक्का दूं का, कका?" विचारलं. काकांनी ऐकलं नाही. सव्वातीन वाजले. साडेतीनला ते काकूंच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. रस्त्याकडे पाहत म्हणाले,

"अवं, तांब्या दे."

"कावून?"

"फडकं ओलं करतो."

काकूंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. "नाही देत."

"चार वाजून राहिले. तुले भट्टी पायची आहे ना?"

"पायची आहे. पन पानी नाही देत. तुमी मागं जा अन् अजून एक बार पाहा बरं."

काका गेले. मागचं झाकण वर असल्यामुळे ते आम्हाला दिसत नव्हते, आम्ही त्यांना दिसत नव्हतो. काकू उतरल्या आणि मला म्हणाल्या, "समोरचं झाकन उघडा जी."

मी उघडलं. शेंदरानं लडबडलेलं ते टोपण काकूंनी थोडा वेळ न्याहाळलं. मग विचारलं, "घासलेटच्या डब्याले आपन भोकं किती पाडतो?"

"दोन."

"कावून?"

मी उत्तर देऊ लागलो आणि मध्येच थांबलो. एकाच भोकाच्या डब्यातून घासलेट थोडं पडतं आणि अडतं. दुसऱ्या भोकातून हवा आत गेली तरच धार लागते. हे दुर्गातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत होतं. साहेबानं गाडीबरोबर दिलेल्या जर्मन पुस्तकातली टाकीची आकृती मी सहा रविवार अभ्यासली होती. टोपणावर एक बारीक ठिपका काढलेला होता. मी तो शाईचा डाग समजलो होतो.

काकूंनी टोपण फिरवलं. टाकीनं एक लांब श्वास आत ओढला, रडून थकलेलं मूल झोपेत घेतं तसा. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि शेंदराच्या थराखाली ते भोक शोधून कोरू लागल्या.

"काकांना हाक मारू?" मी विचारलं.

"नका मारू." त्यांचा हात थांबला नाही. "तीस वर्ष शेंदूर लावून राहिले. एक बार गाडी रुळावरून उतरली नाही. आता त्यायले सांगू का, का शेंदरानंच अडवली म्हनून?"

मग आकडा पदराला पुसत त्या हळू बोलल्या. लग्न झाल्यावरचं पहिलं स्टेशन डोंगरातलं होतं. विहीर नव्हती. पाणी आठवड्यातून दोनदा टाकीच्या वॅगनमधून येई, आणि आधी इंजिन पिई, मग माणसं. काका तेव्हा फायरमन होते. इंजिनाच्या पोटात हजारो गॅलन पाणी भरून ते घरी येत, आणि घरी दोन घागरी. एका उन्हाळ्यात तीन दिवस वॅगन आलीच नाही. चौथ्या दिवशी काका इंजिनातलं पाणी बादलीत घेऊन आले. गंजाचं, वर तेलाचा तवंग. काकूंनी ते फडक्यातून गाळलं आणि खिचडी टाकली.

"काई बोलले नाही तवा. नुसते जेवले. ही गाडी आनली त्या दिवशी मात्र मले दारातून आवाज देऊन सांगतलं, पानी पेत नाही म्हने." त्यांनी टोपण लावलं. "लोकायले वाटते, मिजास करून राहिले."

त्या गाडीत जाऊन बसल्या. मी झाकण लावलं. मागून काकांचा आवाज आला, "नकाशेवाले, चावी फिरवा!" मी फिरवली. पंपानं दोन-चारदा ओढलं आणि निर्जळी गरजली.

काका धावत आले. त्यांच्या हातात कोरडं फडकं होतं. "पाह्यलं? पाह्यलं ना? थेंबभर पानी न घेता!"

"पाह्यलं," काकू म्हणाल्या. "चला आता."

आम्ही चारला पाच कमी असताना फाटकातून आत शिरलो. भट्टीसमोर लोक जमले होते आणि एक अधिकारी कर्ण्यावरून राष्ट्राच्या धमन्यांबद्दल बोलत होते. त्यांचं बोलणं चालू असतानाच भट्टीचं तोंड फोडलं गेलं, आणि लोखंड बाहेर आलं. उन्हातसुद्धा आमचे चेहरे लाल झाले. धमन्या तिथेच राहिल्या; पुढचं कुणी ऐकलं नाही. काका ताठ उभे होते, मुलगी बोहल्यावर चढताना बाप उभा राहतो तसे. "आपलाच दगड," ते पुटपुटले.

काकूंनी बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "हे पानी पेते का जी?"

मी खरं ते सांगितलं. भट्टी जळू नये म्हणून तिच्या अंगातून रात्रंदिवस पाणी फिरवावं लागतं. त्यासाठी कालव्याचं पाणी आणून मरोद्याचा तलाव भरावा लागतो.

"अख्खा तलाव?"

"अख्खा."

काकूंनी एकदा भट्टीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "मंग आपलीच बरी," त्या म्हणाल्या.

काकांनी टोपी सारखी केली. परतीच्या वाटेत निर्जळी कुठे थांबली नाही, आणि कंत्राटदाराच्या कोंबड्या उघड्यावरच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मोठ्या श्रद्धेनं टोपणाला शेंदराचा नवा थर दिला. तेव्हापासून काकूंच्या अंबाड्यात एक आकडा जास्त असे.