धनलालभाऊंची चारोली

गोंदियात भाड्याच्या खोलीत सामान लावलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी समोरच्या गच्चीवर एक गृहस्थ लंगडी घालताना दिसले. वय पन्नाशीचं, अंगात बनियन, मिशा भरघोस. दहा उड्या झाल्या की थांबायचे, मोबाईलमध्ये स्वतःचंच चित्रण बघायचे, निराशेनं मान हलवायचे आणि पुन्हा पाय दुमडायचे.

मी घरमालकीणबाईंना भीतभीतच विचारलं, "यांना काही त्रास आहे का?"

"तरास नाही जी," त्या भांडी घासत म्हणाल्या. "चारोलीचा पाय चुकून राहिला असन."

चारोली म्हणजे कोण, हे मला सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती मोबाईलवर गाणारी कार्टूनमधली मुलगी. सावळी, दोन वेण्यांची, पुढचा एक दात पडलेली. तिची गाणी सगळी झाडीबोलीत, म्हणजे इथल्या घरच्या बोलीत. 'सारसभाऊ, सारसभाऊ, पाय कायले लांब?' असं ती विचारते आणि तलावातला सारस उत्तर देतो, 'चिखलामंदी उभा हावो, रोवून दोन खांब!' मी शिकवते त्या शाळेतली पोरं जेवणाच्या रांगेत हेच म्हणायची.

चारोलीला जन्म दिला या गच्चीवरच्या धनलालभाऊंनी. त्यांचं वाढदिवसाचे फ्लेक्स छापायचं दुकान आहे. पुढाऱ्यांचे गाल गोरे करता करता ते मोबाईलवर बघून चित्र हलवायला शिकले. चारोलीची प्रत्येक उडी ते आधी स्वतः मारून बघत. पण चारोली आपण काढलेलं चित्र आहे, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. दुपारी एक ते तीन ते कॉम्प्युटरवर स्वच्छ टॉवेल टाकत. गिऱ्हाईक घाईचं असलं तरी ओठांवर बोट. "हळू बोला जी. झोपली हाय. तुमच्या नेत्याले तीन वाजता उठवतो."

एकदा भर रस्त्यात त्यांनी मला थांबवलं. "म्याडम, सात वर्षांची पोरगी रुसली तं कोनता ओठ पुढं येते?"

माझा हात धरून उभ्या असलेल्या ओवीनं, माझ्या मुलीनं, आपला खालचा ओठ पुढे काढून दाखवला. धनलालभाऊंनी तिला वाकून नमस्कार केला. "चारोलीचं मोठं काम केलं, बाई."

त्यांचा स्वतःचा आवाज असा, की दुकानात बोलले तर समोरच्या धानाच्या गिरणीचा पट्टा सुटला असं वाटावं. चारोलीचा आवाज मात्र तोच. ते गोधडी पांघरून गाणं रेकॉर्ड करत, मग कॉम्प्युटर तो आवाज पिळून पिळून बारीक करी. ऑक्टोबरच्या उकाड्यात गोधडीतून घामाघूम होऊन बाहेर आले की म्हणत, "आज मस्त गायली पोरगी!" हे गुपित घरमालकीणबाईंना आणि मला ठाऊक होतं. "पोट्ट्यायले सांगू नका," त्यांनी मला बजावलं होतं. "मंग ते गानं नाही आयकत, मिशा पाहतात."

आता ओवीबद्दल सांगायला हवं. मी साताऱ्याकडची. नेमणूक गोंदियाबाहेर बिरसीजवळच्या एका गावातल्या शाळेत झाली, ओवीचे बाबा नोकरीमुळे तिकडेच राहिले आणि ओवीला मी माझ्याच शाळेत पहिलीला घातलं. पहिल्याच आठवड्यात ती एका मुलीला म्हणाली, "असं कशाला करतेस गं?" सगळा वर्ग हसला. वाईट काही नव्हतं त्यात, इथे 'कायले' म्हणतात, एवढंच. पण ओवीनं शाळेत तोंड मिटलं ते मिटलंच. घरी बोलायची, शाळेच्या फाटकाशी गप्प व्हायची. पाच महिने. मी रागावले, गोंजारलं, चॉकलेटं दिली, डॉक्टरांना दाखवलं. स्वतः शिक्षिका असून पोटच्या पोरीला बोलतं करता येईना, याची मला लाज वाटे. ती घरी फक्त चारोली बघत बसे आणि त्यावरूनही मी ओरडत असे.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मुलांनी एकमुखानं मागणी केली, चारोलीला बोलवा. मी धनलालभाऊंना विचारलं, तर ते घाबरले, दोन दिवस विचार करत राहिले आणि मग कामाला लागले. हॉलमध्ये पांढरी चादर ताणली. प्रोजेक्टर मागे, लॅपटॉप मागे, धनलालभाऊही मागे. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना जुने फ्लेक्स उलटे लावले. भाऊ माईकमध्ये बोलतील तसे चादरीवर चारोलीचे ओठ हलणार, अशी व्यवस्था.

मुलं येऊन बसली. चादरीवर चारोली उगवली आणि म्हणाली, "का जी, जेवले का सारे?" हॉल दणाणला. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या ऐन मध्यात वीज गेली.

चादर काळी, माईक मुका. भाऊंना मात्र गाण्याच्या भरात काही कळलंच नाही. त्या अंधारात त्यांचा खराखुरा आवाज चादरीमागून गडगडला, "सारसभाऊ, सारसभाऊ..." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. ते थांबले.

पुढच्या रांगेतलं एक पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "हा कोन होय?"

मी चादरीशेजारीच उभी होते. खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात भाऊ हात जोडून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात मुलींच्या रांगेतून एक बारीक, चिडका आवाज आला.

"चारोलीच होय! तिचा घसा बसला हाय, दिसत नाही का तुमाले? चिल्लावून कायले राहिले?"

ओवी उभी होती. शाळेत. सगळ्यांसमोर. आणि शुद्ध झाडीबोलीत पोरांना झापत होती.

मग तर प्रश्नच मिटला. "चारोली, दवाई घेतली का?" "अद्रक खाय!" "बोलू नको आता, पडून राय!" चहूकडून सल्ले सुरू झाले. ओवी म्हणाली, "आपन म्हनू. तिनं आयकावं." आणि सगळ्या शाळेनं, चारोलीची सगळी गाणी, पहिल्यापासून, चारोलीला म्हणून दाखवायला सुरुवात केली.

मी चादरीमागे गेले. धनलालभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, मिशा ओल्या, बंद माईक दोन्ही हातांत घट्ट धरलेला. त्यांचे किती उपकार झाले होते माझ्यावर! ते सांगायचं राहूनच गेलं. मी एवढंच म्हटलं, "भाऊ, बाहेर या. मुलांना भेटा. आता हसणार नाही कोणी."

त्यांनी मान हलवली.

"नको जी. एकट्याच्या घरात गातो मी. मले कोनी कधी गानं म्हनून नाही दाखवलं." त्यांनी चादरीकडे बोट केलं. "आता चारोली समजून म्हनून राहिले. मले पाहिलं तं थांबतील."

बाहेर पोरं पाचव्या गाण्यावर आली होती. वाऱ्यानं चादरीची कड उडत होती. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि गाणी संपेपर्यंत तशीच उभी राहिले.